काव्याचा निवाडा कोणी करावा?

(तरुणांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय तरुण मंडळींनी सुचविला, आणि तो ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या हे मला ठाऊक आहे. विषय असा की, अमेरिकेतील शिकागो शहरातल्या एका मद्यगृहात १९८६ सालापासून दर रविवारी सायंकाळी कवितेची जी बैठक भरू लागली, तिची रीत काय होती, आणि तिच्यापासून आपण काही घ्यावे की घेऊ नये. इंग्रजीत तिला ‘पोएट्री स्लॅम’ म्हणतात. स्लॅम म्हणजे दार धाडकन आपटणे. तिच्या पहिल्या भागाचे नाव ‘ओपन माइक’, म्हणजे खुला मंच. हे दुसरे नाव आता मुंबई-पुण्याच्या मुलामुलींच्या तोंडी चांगलेच रुळले आहे, आणि आपल्या वस्तीतही असे काही सुरू करावे अशी त्यांची मागणी आहे. पंचशील घेतलेल्या कुटुंबांपुढे दारूच्या गुत्त्यातील कवितेची हकीकत सांगावयाची म्हणजे थोडे अवघडच. परंतु तो प्रश्न मी टाळणार नाही. तो त्याच्या जागी येईल. आधी माणसे, जागा आणि रीत यांची नीट माहिती करून घेऊ.

मार्क केली स्मिथ हा या बैठकीचा जनक. तो विद्यापीठातला पंडित नव्हता. इमारतींच्या बांधकामावर काम करून तो पोट भरीत असे आणि कविता लिहीत असे. त्या काळी अमेरिकेत काव्यवाचनाचे कार्यक्रम होत नव्हते असे नाही. ते विद्यापीठांच्या दालनांत आणि पुस्तकांच्या दुकानांत होत. कवीने कागदात डोके खुपसून वाचावे, समोरच्या मोजक्या माणसांनी सभ्यपणे ऐकावे, आणि त्या माणसांतही बरेचसे स्वतःच कवी असावेत, असा तो थाट. म्हणजे आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याला सहन करणे हाच तेथील श्रवणधर्म! दिवसभर अंगमेहनत करून आलेल्या मनुष्याला अशा दालनाची पायरी चढावीशी का वाटावी? स्मिथला ही रीत मानवली नाही. त्याने कविता उचलली आणि जेथे साधी माणसे संध्याकाळी बसतात तेथे ती नेली. प्रथम ‘गेट मी हाय’ नावाच्या एका लहानशा जॅझच्या ठिकाणी सोमवारी रात्री, आणि १९८६ च्या जुलैपासून ‘ग्रीन मिल’ येथे रविवारी.

हे ग्रीन मिल शिकागोच्या उत्तर भागातील अपटाउन वस्तीत, लॉरेन्स आणि ब्रॉडवे या दोन रस्त्यांच्या चौकाजवळ आहे. त्याचा आरंभ १९०७ चा. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. त्या दिवसांत कुप्रसिद्ध गुंड अल कपोन याच्या टोळीतील जॅक मॅकगर्न याची त्या जागेत भागी होती. पुढे वस्तीला उतरती कळा लागली, तशी ती मद्यगृहालाही लागली. १९८६ मध्ये डेव्ह जेमिलो यांनी ते विकत घेऊन त्याची डागडुजी केली आणि तेथे पुन्हा जॅझ संगीत सुरू केले. रविवारची सायंकाळ मात्र धंद्याच्या दृष्टीने मेलेली असे. मालकाला गिऱ्हाईक हवे होते, कवीला जागा हवी होती. त्या बैठकीच्या मुळाशी इतका साधा व्यवहार आहे.

रात्रीचे तीन भाग पाडलेले असत. पहिल्या भागात खुला मंच. ज्याने यादीत नाव लिहिले त्याने आपल्या क्रमाने यावे आणि बोलावे. दुसऱ्या भागात एखादा निमंत्रित कवी. तिसऱ्या भागात स्पर्धा, आणि स्लॅम हे नाव खरे तर या तिसऱ्या भागाचे. ती कशी जन्मली हेही ऐकण्यासारखे आहे. स्मिथ आणि त्याच्या सोबत्यांनी बसविलेला कार्यक्रम संपला तरी रात्र शिल्लक राही. ती भरून काढावी कशी? तेव्हा कवींची झुंज लावावी आणि श्रोत्यांनी निवाडा करावा, अशी युक्ती निघाली. प्रारंभी आरडाओरडा आणि टाळ्या यांवरून निकाल लागे. अंक मागाहून आले. पुढे जगभर पसरलेल्या या प्रथेचा जन्म असा रिकामा वेळ भरून काढण्याच्या गरजेतून झाला.

१९९० साली सॅन फ्रान्सिस्को येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि मग नियम पक्के होत गेले. ते आपल्या तरुणांनी समजून घेण्यासारखे आहेत. कविता स्वतःची असावी. वेळ तीन मिनिटे, वर दहा सेकंदांची सवलत; त्यापुढे प्रत्येक दहा सेकंदांना अर्धा गुण कापला जाई. वेष, वाद्य, हातात धरून दाखविण्याच्या वस्तू, यांपैकी काही चालत नसे. माणूस आणि त्याचा आवाज एवढीच सामग्री. पाच परीक्षक श्रोत्यांतूनच उचललेले. त्यांना कवितेचे काही ज्ञान असावे अशी अट मुळीच नाही. प्रत्येकाने शून्यापासून दहापर्यंत, दशांशासह, गुण द्यावयाचे. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा गाळावयाचा आणि उरलेल्या तिघांची बेरीज धरावयाची. म्हणजे तीस हा शिखराचा आकडा. मोठा आणि लहान आकडा गाळण्यात मोठे शहाणपण आहे. कवीचा मेहुणा परीक्षकांत बसला असेल तर त्याचे दहा गळतात, आणि कवीचा वैरी बसला असेल तर त्याचा भोपळाही गळतो.

श्रोत्यांनाही तेथे गप्प बसण्याची सक्ती नव्हती. ग्रीन मिलमध्ये कविता कंटाळवाणी वाटली की लोक बोटांच्या चुटक्या वाजवीत; तेवढ्याने कवी भानावर आला नाही तर पाय आपटीत, आणि अगदीच असह्य झाले तर कण्हत. पुढे इतर शहरांत चुटकीचा अर्थ उलटला आणि ती पसंतीची खूण झाली. स्त्रीजातीची हेटाळणी करणारी ओळ कोणी म्हटली तर सभेतील स्त्रिया सापासारखा फूत्कार काढीत. या फूत्काराचे मला विशेष वाटते. आपल्याकडे हास्यकवितेच्या नावाखाली बायकोवर, सासूवर, काळ्या रंगावर, जाड अंगावर विनोद करणारे कवी शाली पांघरून घरी जातात, आणि पहिल्या रांगेतील भगिनी ओठ दाबून बसून राहतात. तेथे त्यांच्या हाती निदान एक आवाज होता.

आणखी एक प्रघात होता. बैठकीच्या आरंभी स्मिथ आपले नाव सांगे, आणि सारी सभा एका आवाजात ओरडे, “मग काय झाले?” ज्याने हे सारे उभे केले त्यालाच दर आठवड्याला लोक विचारीत की, तू असशील मोठा, त्याचे आम्हांला काय? आणि तो मनुष्य हसत हसत पुढच्या कामाला लागे. आपल्या सभांत प्रास्ताविक, स्वागत, परिचय, हार, शाल, श्रीफळ आणि उपस्थितांची नावे घेण्यात पाऊण तास जातो. (आज अध्यक्षांनी तो वाचविला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.) ज्या समाजाने व्यक्तिपूजेचा धोका आपल्या नेत्याच्या तोंडून ऐकलेला आहे, त्याने या ‘मग काय झाले?’चा जरूर विचार करावा.

आता तरुणांनी विचारलेल्या मूळ गोष्टीकडे येतो. यात घेण्यासारखे नेमके काय? माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू स्पर्धा नाही. ती यादी आहे. नाव लिहिले की पाळी येणार; शिफारस नको, पदवी नको, पुस्तक छापलेले असण्याची गरज नाही. हे कित्येकांना फार लहान वाटेल. परंतु ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाणवठ्यावर पाळीच नव्हती, त्यांना पाळीचे मोल निराळे सांगावे लागू नये.

आपल्याला मंच नवा नाही, हे कोणी विसरू नये. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे वस्त्यावस्त्यांतून फिरले. वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि हजारो गीतांचे धनी झाले. शाहिरी फडात कलगी आणि तुरा यांचे सवाल-जबाब होत, तेव्हा हार-जीत श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत ठरे. म्हणजे झुंजीची रीतही आपल्या मातीला ओळखीचीच आहे. मात्र जलसा हे मंडळ होते. त्यात शिरण्यासाठी गळा लागे, ताल लागे, रात्री घराबाहेर राहण्याची मुभा लागे. म्हणूनच स्त्रियांची सोंगेही बहुधा पुरुषच घेत. जिला गाता येत नाही, जी चारचौघांत बोलत नाही, परंतु जिच्या वहीच्या शेवटच्या पानांवर काहीतरी लिहिलेले असते, अशा मुलीला जलशात जागा नव्हती. यादीत तिच्यासाठी एक ओळ रिकामी असते.

न्यू यॉर्कची हकीकत येथे सांगणे भाग आहे. ज्या शहरात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, ईस्ट व्हिलेज भागात, १९७३ साली मिगेल आल्गारीन यांच्या घराच्या बैठकीच्या खोलीत काही कवी जमू लागले. हे सारे पोर्तो रिको बेटावरून आलेल्या गरीब लोकांचे वंशज. अमेरिकन लोक त्यांना परके म्हणून हिणवीत, आणि बेटावरचे लोक त्यांची मिसळलेली भाषा ऐकून त्यांना तुच्छतेने ‘न्यूयोरिकन’ म्हणत. त्यांनी तोच हिणवणीचा शब्द उचलला आणि दारावर पाटी म्हणून लावला: न्यूयोरिकन पोएट्स कॅफे. लोकांनी चिखल म्हणून फेकलेला शब्द झेंड्यासारखा उंच धरणे काय असते, हे ‘दलित’ या शब्दाचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना मी सांगावयाचे कारण नाही. खोली अपुरी पडली तेव्हा १९७५ च्या सुमारास त्यांनी एका मद्यगृहाची जागा घेतली, आणि पुढे ईस्ट थर्ड स्ट्रीटवर स्वतःची इमारत मिळविली. मध्यंतरी काही वर्षे ती बंद होती. पुन्हा उघडली तेव्हा बॉब होल्मन यांनी शिकागोची स्पर्धा तेथे आणली आणि शुक्रवारची रात्र तिच्यासाठी राखली. शिकागोच्या कवींनी मालकाशी जुळवून घेतले होते. न्यूयोरिकनांनी इमारतच आपली केली. हा फरक लक्षात ठेवावा.

या साऱ्या प्रकारावर विद्वानांनी टीका केली नसती तरच नवल. येल विद्यापीठातील थोर समीक्षक हॅरॉल्ड ब्लूम यांनी २००० साली ‘पॅरिस रिव्ह्यू’ या नियतकालिकात या स्पर्धांना कलेचा मृत्यूच ठरविले. ज्याला त्याला बोलू दिले आणि ज्याला त्याला निवाडा करू दिला तर कलेचे काय उरेल, असा त्या टीकेचा रोख. हा आवाज आपल्या कानांना ओळखीचा आहे. आपल्या माणसांनी लिहावयास आरंभ केला तेव्हा हे साहित्यच नव्हे असे सांगणारे इकडेही थोडे नव्हते. परंतु परंपरेच्या रखवालदाराने एखाद्या गोष्टीला नावे ठेवली एवढ्यावरून ती गोष्ट निर्दोष ठरत नाही. स्लॅमवर दुसरीही एक टीका झाली आहे. ती अधिक गंभीर आहे, आणि ती आपल्या जिव्हारी लागणारी आहे.

सुसान सोमर्स-विलेट या अमेरिकन कवयित्री आणि अभ्यासक. त्या स्वतः स्लॅममध्ये उतरलेल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे दाखविले की, या स्पर्धांत पीडित समाजाचा कवी जेव्हा आपल्या पीडेविषयी बोलतो तेव्हा त्याची कविता ‘खरी’ म्हणून उचलली जाते, आणि असा खरेपणाचा शिक्का मारणारे श्रोते पुष्कळदा गोऱ्या, मध्यमवर्गीय घरांतले असतात. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मंच सर्वांना खुला आहे. काळा मनुष्य येतो, तीन मिनिटांत आपल्या बापाचा अपमान सांगतो, खाली बसलेला मनुष्य हेलावतो आणि नऊ दशांश आठ असा आकडा वर करतो. पुढच्या आठवड्यात त्या कवीला पावसावर लिहावेसे वाटते. आकडा येतो सात. तिसऱ्या आठवड्यात तो काय लिहील? त्याला कोणी बजावलेले नसते, कोणी धमकावलेले नसते. केवळ आकड्यांनी त्याला शिकविलेले असते की, तुझे दुःख आम्हांला आवडते, तुझा पाऊस आवडत नाही.

बंधु-भगिनींनो, हा धोका शिकागोपुरता नाही. शहरातील उंची कॅफेंत आता खुले मंच भरतात. काही ठिकाणी कवीकडूनच नोंदणीचे पैसे घेतले जातात, आणि गुणपत्रिकेचे काम भ्रमणध्वनीवरचा पसंतीचा अंगठा करतो. आपली मुले तेथे जातात. जावे, अवश्य जावे. पण ज्या श्रोत्याने वस्ती कधी पाहिली नाही त्याच्यापुढे आईच्या हातावरच्या घट्ट्यांची कविता म्हणून टाळ्या मिळविताना, या टाळ्या कशाला पडल्या, एवढे तरी विचारावे. ती आईची बाजू होती की आईचा बाजार होता? कित्येकदा हे त्या कवीलाही सांगता येत नाही, आणि त्याचा दोष मी त्याला देणार नाही.

निवाडा करणारा परका असूच नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकर त्या जगातले नव्हते, आणि त्यांनी तसे लपविलेही नाही. न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी ढसाळांना विचारले. परका वाचक परका असूनही न्याय्य कसा होऊ शकतो, याचा तो एक नमुना म्हणता येईल. तो आधी विचारतो. स्लॅमच्या परीक्षकाजवळ विचारावयाला सवडच नसते. तीन मिनिटे संपली, लगेच आकडा वर. अर्थ कळला नाही तरी आकडा द्यावाच लागतो, आणि न कळलेल्याचा आकडा कमीच पडतो. माझ्या दृष्टीने त्या पद्धतीचे खरे वैगुण्य हे आहे.

या चौकटीतही मोठे काम होऊ शकते, हे पॅट्रिशिया स्मिथ यांच्या उदाहरणावरून दिसते. (मार्क स्मिथशी त्यांचे नाते नाही, आडनाव तेवढे एक.) शिकागोतील ही कृष्णवर्णीय कवयित्री ग्रीन मिलच्या मंचावर घडली आणि राष्ट्रीय स्पर्धेत वैयक्तिक विजेतेपद तिने चार वेळा मिळविले. तिची एक गाजलेली कविता वर्णद्वेष्ट्या गोऱ्या गुंडाच्या तोंडून बोलते. काळी बाई मंचावर उभी, आणि तिच्या मुखातून तिचाच द्वेष करणारा माणूस बोलतो आहे! श्रोते तिच्याकडून तिच्या जखमेची अपेक्षा करीत बसलेले; तिने त्यांच्यापुढे जखम करणाऱ्याला आणून उभे केले. २००५ साली कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, आणि काळ्या गरिबांना मदतीवाचून दिवस काढावे लागले. त्यावरील तिचा ‘ब्लड डॅझलर’ हा संग्रह २००८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत आला. त्यात ती वादळालाच बोलावयास लावते. तीन मिनिटांच्या झुंजीने कवितेचा नाश होतो असे म्हणणाऱ्यांनी या बाईंची पुस्तके वाचावीत. आमच्या तरुणांनीही वाचावीत, आणि एवढे पाहावे की, स्वतःचे दुःख सोडून दुसऱ्याच्या तोंडून बोलणे म्हणजे समाजाशी बेइमानी होत नाही.

आता दारूविषयी. सुरामेरयमज्ज या शीलाचा अर्थ तुम्हांला मी नव्याने सांगत नाही. तेथे दारू का होती याचे उत्तर वर येऊन गेले: जागेचे भाडे तीतून निघत होते. श्रोत्यांकडून काही डॉलरांचे तिकीट घेतले जाई, विजेत्याचे बक्षीस नाममात्र असे, आणि बाकीचा खर्च पेल्यांवर चाले. तेव्हा ‘आम्ही दारू वगळून हेच करू’ असे म्हणणे सोपे आहे, परंतु दारू वगळली की तिने भरलेली रक्कम कोणी भरावयाची हे आधी ठरवावे लागते. विजेचे बिल नीतीने भागत नाही. दुसरी गोष्ट, अमेरिकेत २१ वर्षांखालील मुलांना मद्य मिळत नाही, त्यामुळे मद्यगृहातील मंच शाळकरी मुलांना दुरावला. यावर शिकागोतच उपाय निघाला. २००१ साली तेथे ‘लाउडर दॅन अ बॉम्ब’ या नावाने किशोरवयीन मुलांची स्लॅम स्पर्धा सुरू झाली; शहराच्या निरनिराळ्या भागांतील, निरनिराळ्या वर्णांची, एरवी एकमेकांच्या रस्त्यावरही न जाणारी मुले शाळांचे संघ करून तीत उतरू लागली. दारूवाचून हे चालते याचा पुरावा त्याच गावाने दिला आहे. कवितेला त्या मद्यगृहातून खरोखर जे मिळाले ते निराळेच होते: कामावरून सुटल्यावर जाता येईल अशी वेळ, आणि कोणालाही शिरता येईल असे दार. ही वेळ आणि हे दार आपल्या विहाराजवळ, समाजमंदिराजवळ आहे काय? सहाला कुलूप लावणाऱ्या कार्यकर्त्यांनी याचे उत्तर द्यावे.

आणखी एक मुद्दा मला त्या बैठकीच्या वारंवारतेविषयी मांडावयाचा आहे. ती आठवड्याची होती. आपल्याकडे जयंतीला कविसंमेलन होते, धम्मचक्र प्रवर्तनदिनाला होते. चाळीस कवी, मध्यरात्र, आणि मग वर्षभर शांतता. अशाने कवीला टाळी मिळते, पण श्रोता तयार होत नाही. ग्रीन मिलच्या बाकावर तोच मनुष्य पन्नासावा रविवार बसतो तेव्हा त्याला उसना आवेश आणि खरा आवेश यांतला फरक कळू लागतो. गेल्या महिन्यातलीच कविता कवीने नाव बदलून आणली तर तेही कळते. निवाडा अडाण्याच्या हाती दिला अशी ब्लूमसाहेबांची तक्रार होती. दर आठवड्याला ऐकणारा अडाणी फार दिवस अडाणी राहत नाही, हे त्यांनी हिशेबात धरले नाही. आणि टिकाव पाहावयाचा तर राष्ट्रीय स्पर्धा भरविणारी ‘पोएट्री स्लॅम इन्कॉर्पोरेटेड’ ही मोठी संस्था अनेक शहरांचे संघ जमवून वाढली, आणि तिची शेवटची राष्ट्रीय स्पर्धा २०१८ साली शिकागोतच होऊन तिचा कारभार आटोपला. चौकातली बैठक त्यानंतरही चालू राहिली.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्या समाजमंदिरात आठवड्यातून एकदा, रविवारी वंदनेनंतर, खुला मंच असावा. त्या दिवशी कारखान्यातल्या पहिल्या पाळीचे, घरकामाचे आणि फेरीचे लोकही मोकळे असतात. दाराशी वही असावी. आपले नाव लिहिता येत नसेल त्याचे दुसऱ्याने लिहावे, पण क्रम बदलू नये. नगरसेवक आले तरी बदलू नये. तीन मिनिटांचा नियम कडकपणे पाळावा. चहाचा खर्च डब्यातून निघावा आणि महिन्याचा हिशेब भिंतीवर लावावा. सत्कार एकही नको. कवितेत बाबासाहेबांचे नाव आले पाहिजे असा दंडक नको. पावसावरची कविताही त्याच कानांनी ऐकावी.

गुणांचा प्रश्न तरुणांना सोडवत नाही असे दिसते. त्यांना स्पर्धा हवी आहे, कारण स्पर्धेवाचून गर्दी जमत नाही असे त्यांचे म्हणणे; आणि शिकागोचा अनुभव त्यांच्या बाजूचा आहे हे मला मान्य करावेच लागेल. तरीही पहिले वर्ष आकड्यांवाचून काढून पाहावे असे मी म्हणतो. आकड्याच्या जागी दुसरी एक रीत ठेवावी. कविता संपली की श्रोत्यांतील कोणीही एकाने एक प्रश्न विचारावा: या शब्दाचा अर्थ काय, ही बाई कोण, हे गाव कोणते. कवीने एका वाक्यात उत्तर द्यावे आणि खाली बसावे. वर्षानंतर स्पर्धा ठेवावयाची असेल तर परीक्षक त्या रात्री हजर असलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडावेत, आणि मोठा व लहान आकडा गाळण्याचा शिकागोचा नियम जसाच्या तसा घ्यावा. मेहुणे आपल्याकडेही आहेत.

घड्याळ कोणाच्या हाती द्यावे, एवढे ठरवावयाचे राहिले आहे. मला विचाराल तर ते महिला मंडळाकडे द्यावे. माझी तीन मिनिटे केव्हाच संपली आहेत, हे मघापासून पहिल्या रांगेतून मला दोनदा खुणेने कळविण्यात आले आहे.